काचेआडची माशीडबी

मी एक जुनी लाकडी डबी आहे, तळहातावर मावेन एवढी. आयर्लंडच्या पश्चिमेला डेरीन नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या धक्क्यावर एक नवी इमारत आहे आणि तिच्यातल्या काचेच्या कपाटात मी बसून असते. डोक्यावर दिवा आहे. तो सकाळी लागतो, संध्याकाळी विझतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगण्याचा मला फार उत्साह आहे असं नाही. पण तुम्ही इतके जवळ येऊन पाहताय, तर सांगते.

कोल्मन नावाड्याच्या वडिलांनी होडी बांधली, तेव्हा उरलेल्या फळीतून त्यांनी मला घडवलं. माझं झाकण सरकतं. अंगाला बारीक भोकं आहेत, आतल्या जिवांना हवा मिळावी म्हणून. माझं काम माश्या सांभाळायचं. लगेच नाक मुरडू नका, त्या उकिरड्यावरच्या नव्हेत. मे महिन्यात या तळ्याच्या गाळातून पिवळसर हिरव्या, उभ्या पंखांच्या नाजूक माश्या वर येतात. एरवी खोल दडून बसलेले ट्राउट मासे त्यांच्यासाठी पाण्यावर तोंड काढतात. 'माशी उठली' एवढी बातमी फुटायचा अवकाश, गावात कुणाचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. सुतार दार अर्धवट टाकून पळायचा. पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायचे.

कोल्मन सकाळीच काटेरी झुडपांच्या आडोशाला जायचा. तिथे विसावलेल्या माश्या पंखांना धरून अलगद माझ्यात सोडायचा, सोबत थोडं गवत. मग लांबून आलेले गळवाले पाहुणे होडीत बसायचे. लांब काठी, वाऱ्यावर तरंगणारा रेशमी दोरा आणि टोकाला जिवंत माशी, पाण्याला जेमतेम शिवणारी. दुपारी बेटावर उतरून किटली चढायची. कोल्मनची बायको जिवंत होती तोवर तिच्या हातचा काळसर पाव आणि लोणी असायचं. एक म्हातारे पाहुणे दर वर्षी मला हातात घेऊन म्हणायचे, "कोल्मन, तू आजारी पडलास तर चालेल, ही डबी तेवढी पाठव." मला तेव्हा फार आनंद व्हायचा.

पुढे कुठे माशी शिंकली कोण जाणे, असं मी म्हणणार होते, पण सगळ्यांना ठाऊक होतं. डुकरांच्या गोठ्यांचं पाणी तळ्यात येत होतं, हॉटेलचं सांडपाणी येत होतं. मासे ज्या ओढ्यांमध्ये चढून बारीक खड्यांत अंडी घालायचे, ते ओढे शेतांचा निचरा व्हावा म्हणून खरवडून काढले. फक्त धक्क्याजवळचा एक ओढा तेवढा धड राहिला होता. माशी कमी उठू लागली, मासे त्याहून कमी. पाहुणे यायचे थांबले. मी कोल्मनच्या कोटाच्या खिशात पडून राहिले. खिशात तंबाखूचा चुरा होता. वास हळूहळू कळेनासा झाला.

मग सरकारने पैसा मंजूर केला. तळ्यातला ट्राउट परत आणायचा आणि त्याच्या मागोमाग पाहुणेही, असं त्या योजनेत लिहिलं होतं. गावाची समिती झाली, कोल्मनही तिच्यात होता. हॉटेलवाला मॅलाकी तिचा प्रमुख. तो आणि कोल्मन एका बाकावर शिकलेले. त्यानेच निरोप धाडला, "ती डबी घेऊन ये रे, खात्याच्या साहेबांना दाखवू." म्हणून मी त्या बैठकीत टेबलावर होते.

पैसा एकाच कामाला पुरणार होता. ओढ्याची डागडुजी करून त्यात खडे टाकायचे, सांडपाणी अडवायचं आणि मासे वाढेपर्यंत काही वर्षं थांबायचं, हे एक. नाहीतर धक्क्यावर पाहुण्यांसाठी माहितीची इमारत बांधायची. मॅलाकीने इमारतीचा नकाशा पसरला. कोल्मन बराच वेळ त्यावर वाकून होता.

"मॅलाकी, ओढा दिसत नाही."

"तिथे गाड्या उभ्या राहणार. ओढा खालून पाइपातून जाईल. पाण्याला काय, वाट मिळाली की जातं."

"आणि माशाला?"

"जा, विचारून ये माशाला! तोवर चहा गार होतोय."

सगळे हसले. कोल्मनही हसला. मग मॅलाकी त्याच्या कानाशी आला. मी जवळ होते म्हणून ऐकलं. "तुझी सोरखा टोरांटोला निघालीय ना? इमारत झाली तर काउंटरवर माणूस लागेल. ओढ्यात खडे टाकून तुझ्या पोरीला कोण ठेवून घेणार आहे? बघ बाबा तू."

सोरखा ही कोल्मनची एकुलती लेक. घरात दोघंच. हात वर करायची वेळ आली, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे हात होते. कोल्मनचा राहिला होता. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला मी दिसत असेन असं वाटत नाही. त्याने इमारतीसाठी हात वर केला.

घरी सोरखाला सगळं कळलंच होतं. "डॅडी, तू? त्या ओढ्यासाठी तू आयुष्यभर भांडलास!"

"काउंटरवर हीटर आहे म्हणे," कोल्मन म्हणाला. "थंडी वाजायची नाही तुला."

ती रडली. पण गावात थांबली.

इमारत झाली. ओढा पाइपात गेला. हिवाळ्यात मासे पाइपाच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरत, असं कोल्मन सांगायचा. पुढे येईनासे झाले, तेव्हा तेही सांगायचं राहिलं नाही. मला घासूनपुसून, वर चकचकीत रोगण फासून कपाटात ठेवलं. रोगणाने माझी भोकं बुजली. सोरखा दोन उन्हाळे काउंटरवर बसली. ज्या तळ्यात मासा नाही, तिथे गळवाला कशाला येईल? बसमधून लोक उतरायचे, स्वच्छतागृहात जाऊन यायचे, निघून जायचे. शेवटी एके दिवशी ती माझ्या काचेवर बोट ठेवून उभी राहिली. "डॅडी, मी इथे राहिले तर मलाही असंच कपाटात ठेवतील रे," एवढंच म्हणाली. त्या शरद ऋतूत ती टोरांटोला गेली.

आता काउंटरवर कोल्मन बसतो. हीटर चालू असतो. पूर्वी तो मला पाहून नजर चुकवायचा, मला वाईट वाटायचं. आता तो सरळ पाहतो आणि दोघांनाही काही वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात एक फ्रेंच गृहस्थ आले, गळ, काठी सगळं घेऊन. माझ्यासमोर ते हरखून गेले. "अशी डबी माझ्या आजोबांच्या फोटोत आहे! मासे कुठे मिळतील हो आता?"

कोल्मनने खिडकीबाहेर पाहिलं. "ती निळी गाडी तुमची?"

"हो."

"तिच्याखाली," कोल्मन म्हणाला, आणि त्यांना तिकीट फाडून दिलं.

मित्रांनो, तुमच्याही गावात तळं असेल. कधीतरी ते सुधारायला सरकारचा पैसा येईल. जरूर यावा. पण त्या दिवशी कुणी तुमच्यापुढे नकाशा पसरला, तर आधी त्यावर पाणी शोधा. सापडलं नाही तर हात वर करू नका, घरात कितीही नड असली तरी. हे सांगणं सोपं आहे, मला कळतं. मला लेक नाही.