तोटीखालची तीन मडकी

मी टेंडर बोलतोय. वाफेच्या इंजिनाच्या पाठीला जोडलेला लोखंडी डबा. वरच्या खणात कोळसा, खाली आणि मागे पाण्याची टाकी. धूर, शिट्टी, दिमाख सगळं इंजिनाचं; त्याला खायला-प्यायला घालणं एवढंच माझं काम. फोटो काढणारे मला अर्धा कापतात. त्याचं दुःख होतं असं सांगितलं तर बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटतच नाही. पाणी भरलं की जड, संपलं की हलका, एवढंच मला कळतं.

जन्म विलायतेतल्या कारखान्यातला. बोटीने रंगूनला आलो आणि पुढची सगळी हयात ब्रह्मदेशाच्या कोरड्या मुलखात, म्यिंजानच्या फाट्यावर काढली. तिथे ताडाची झाडं, धूळ आणि ऊन. विहिरींना खारट पाणी. मी मात्र म्यिंजानला इरावतीचं गोड पाणी पोटभर घेऊन निघायचो.

ऊ लू पे हा माझा पहिला जिवाभावाचा फायरमन. (नावाआधीचे ऊ, दॉ, को, मा हे तिकडचे मानाचे शब्द, आपल्या राव-बाईंसारखे.) वीस वर्षं त्याने माझ्यातला कोळसा ओढला. माझ्या पुढच्या अंगाला हात धुवायची एक पितळी तोटी होती, ती तो चिंचेने घासून लखलखीत ठेवायचा. त्याचं घर न्याउंगोनला. त्या थांब्यावर गाडी सात मिनिटं उभी राहायची. त्याची बायको दॉ सेइन यी हिने रुळांलगत चिंचेखाली पाणपोई मांडली होती. तीन मडकी, वर ताडपानांचं छप्पर. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजणं हे तिथलं रोजचं पुण्य. लू पे माझ्या तोटीतून ती मडकी भरून द्यायचा. नियमात बसत नव्हतं, पण पुण्याच्या आड कोण येणार?

लू पे तापाने गेला. त्याच्या जागी को फो थाऊं आला. चाळिशीचा, लू पेच्याच हाताखाली तयार झालेला. मडकी भरणं त्यानेही चालू ठेवलं. सेइन यी मडकी घेऊन यायची, बदल्यात ताडगुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवायची.

"भाऊजी, तोटी काळी पडली हो. ह्यांनी पाहिलं असतं तर तुमची धडगत नव्हती."

"चिंच मिळत नाही, वहिनी."

"चिंचेखाली उभं राहून सांगताय!"

मग एका माघात शेडमध्ये माझं झाकण उघडून फोरमनने तपकिरी पावडरीची पिशवी आत रिकामी केली. बॉयलरला आतून क्षारांची खपली धरू नये म्हणून ते औषध होतं. तो म्हणाला, "आजपासून हे पाणी तोंडाला लावायचं नाही. रोज टाकणार आहोत. जुलाब होतील."

गाडी सुटल्यावर फो थाऊं ड्रायव्हरला, ऊ बा शिनला म्हणाला, "दादा, वहिनींना सांगायला हवं."

"मग सांग की."

"तुम्ही वडील. तुमच्या तोंडून बरं दिसेल."

"मी? लू पेच्या लग्नात पंगतीला वाढलंय मी. त्याच्या नावानं चाललेलं पुण्य मी बंद करू? तू सांग. एरवी तुझी जीभ हातभर लांब असते."

"ती फक्त तुमच्यापुढं, दादा."

फो थाऊंने त्यातल्या त्यात एक युक्ती केली. म्यिंजानलाच नदीचं पाणी एका डब्यात भरून आणलं. सेइन यीने तो डबा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "डब्यातलं कशाला, भाऊजी? ती तोटी ह्यांच्या हातची आहे. तिच्यातून दिलं की मला वाटतं, हेच देतायत."

फो थाऊंने डबा बाजूला ठेवला. त्याने तोटी सोडली. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्या मुलखात ती सगळ्यांचीच सख्खी बहीण.

असे दोन महिने गेले. ती हसत यायची, मडकी भरून न्यायची, गूळ द्यायची. उन्हाळा चढत होता. तिचे पाय सुजलेले दिसायचे. फो थाऊं विचारायचा, "वहिनी, पोटबिट बरं आहे ना?" ती म्हणायची, "पोटाला काय झालंय? वय झालं, दुसरं काय." उतारूही ते पाणी पिऊन ठणठणीत होते. दोघांनी ठरवून टाकलं, फोरमन उगाच बाऊ करतो. मला खरं काय ते ठाऊक होतं. ते पाणी माझ्याच पोटात होतं. पण लोखंडाला कोण विचारतं?

नववर्षाच्या पाण्याच्या सणाला तीन दिवस उरले होते. गाडी थांबली आणि चिंचेखाली कुणी नव्हतं. फलाटावर उकडलेले शेंगदाणे विकणारी मा ए च्यी पुढे आली.

"वहिनी कुठायत?" फो थाऊंने विचारलं.

"गेल्या. काल दुपारी तळ्याच्या वाटेवर पडल्या. कावड अंगावरच होती."

"तळ्यावर कशाला गेल्या होत्या?"

"पाण्याला. रोजच जायच्या, दीड कोस. तुमचं पाणी चिंचेच्या मुळाशी ओतायच्या आणि तळ्याच्या पाण्यानं मडकी भरायच्या. उतारूंना बाधू नये म्हणून. ते बघा, झाड एका अंगानं पिवळं पडलंय."

झाड आम्ही रोज पाहत होतो. उन्हाने वाळलं असेल, असं बा शिन म्हणाला होता.

"त्यांना कळलं होतं?"

"फायरमनची बायको ती. पहिल्याच घोटात ओळखलं. म्हटलं, मग सांगा ना त्यांना. तर म्हणाल्या, तोटीतलंच द्या म्हणून मीच हट्ट धरला. भाऊजी एवढ्या मायेनं देतात, आता नको कसं म्हणू?"

फो थाऊं माझ्या कोळशावर येऊन बसला. सात मिनिटं झाली. बा शिनने शिट्टी दिली आणि मागे न बघता म्हणाला, "मी तुला म्हणत होतो, सांग म्हणून."

फो थाऊंने फावडं उचललं आणि कोळसा ओढायला लागला. वडील माणसाला उलट कसं बोलायचं?

त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो. तीन हजार गॅलन पाणी, आणि त्यातलं पेलाभरही पिण्याजोगं नव्हतं. मला रडू आलं नाही. डब्याला रडू येत नाही. पुढच्या स्टेशनपर्यंत मी नेहमीसारखाच गेलो.

इंजिन कधीच भंगारात गेलं. मी यार्डाच्या कडेला बुडाला भोक पडून उभा आहे. आत पाणी नाही, कोळसा नाही. बोललं तर कुणी दुखावेल, असंही कुणी उरलं नाही, म्हणून बोलतोय. तुमच्याकडे कुणी पाणी मागितलं तर द्या. ते पिण्याजोगं नसेल तर तसं तोंडावर सांगा. आणि दिलेलं पाणी वाईट असेल तर तेही देणाऱ्याला सांगा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.