द्रोसेलाने दिलेली गाय

त्या दिवसांत मी जागेपणीही स्वप्नं पाहायची. धुकं टेकडीवरून उतरून केळींत शिरलं की मला ते दूधच वाटायचं. वाटायचं, भांडं नुसतं दारात ठेवावं, आपोआप भरेल. मांडीवर ग्विझा असायची, माझी दोन वर्षांची लेक. ती रडायची नाही. रडायलासुद्धा अंगात बळ लागतं.

गावचा आरोग्यसेवक क्लावेर तिच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून ती किती वाळलीय ते बघायचा. एके सकाळी खूण पिवळा रंग सोडून धोक्याच्या लाल रंगाच्या काठावर आली.

"उद्या दवाखान्यात आणच हिला," तो म्हणाला. "पण ताई, घरी रोज दूध हवं. नुसत्या रताळ्यावर हे लेकरू तगायचं नाही. द्रोसेलाची कालवड तुझ्याच नावावर आहे ना? जा, घेऊन ये."

द्रोसेला माझी शेजारीण. तिच्या शेळीने माझा घेवडा फस्त केला, तेव्हापासून चार वर्षं आमचं बोलणं बंद. द्रोसेलाला मिळाली तशी मदतीची गाय मिळालेल्या घराने पहिली कालवड पुढच्या गरजू घराला द्यायची, हे ठरलेलं. आणि ज्याने गाय दिली, त्याच्या नावाने आपण जन्मभर शपथ घ्यायची, हेही ठरलेलं. 'मला गाय देणाऱ्या द्रोसेलाची शपथ!' छे! माझी जीभ झडली असती.

"तिचं नाव घेण्यापेक्षा मी मुकी राहीन," मी नवऱ्याला म्हणाले.

"तू आणि मुकी?" तो हसला. मग त्याची नजर ग्विझाकडे गेली.

दुपारी तिच्याजवळच माझा डोळा लागला. स्वप्नात धुक्याच्या गाई झाल्या होत्या. त्या एकामागून एक घरात येत होत्या, पाय न वाजवता, आणि प्रत्येक गाय ग्विझाला हुंगून पुढे जात होती. जागी झाले तर पोर चटईची काडी चोखत होती. खड्ड्यात गेला तो घेवडा, म्हटलं. तिला पाठीशी बांधलं आणि निघाले.

"तुझे कळप वाढोत," कुंपणाशी मी रीतीचा नमस्कार कसाबसा पुटपुटले.

"तुझ्या गाईंना कालवडीच होवोत," द्रोसेला म्हणाली. "काय गं, वाट चुकलीस?"

"कालवड न्यायला आले."

"लवकर आलीस! मला वाटलं, ती म्हातारी झाल्यावर येशील."

बोलता बोलता तिने माझ्या पाठीवरचं फडकं बाजूला केलं. ग्विझाकडे बराच वेळ पाहिलं. मग गोठ्यात गेली आणि कालवड नव्हे, तिची आई, तांबडी दुभती बिहोगो बाहेर घेऊन आली.

"अगं, ही नाही. माझी तर..."

"कालवड दूध देईपर्यंत दीड वर्ष जाईल. तोवर या पोरीला काय, दोर चोखायला देशील?" तिने दोर माझ्या हातात कोंबला. "माझा लेक गातेरा असाच गेला. बिहोगो तेव्हा कालवड होती, ती मोठी व्हायची वाट बघत. तुझी कालवड राहू दे माझ्याकडे, मला घाई नाही आता."

गातेराच्या मातीला मी गेले नव्हते. घेवड्याचा राग होता ना! मला इतकी लाज वाटली की धड आभारही मानता आले नाहीत. बिहोगोच्या मागून मी धुक्यात चालत राहिले. पुढे गाय दिसत नव्हती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

त्या संध्याकाळपासून नवरा धार काढू लागला. दुसऱ्या दिवशी ग्विझाला दवाखान्यातही नेलं. तिसऱ्या आठवड्यात बाजारात भांडताना माझ्या तोंडून द्रोसेलाची शपथ गेली. जीभ शाबूत राहिली. द्रोसेला रोज संध्याकाळी यायची. "गाय बघायला आले," म्हणायची आणि गोठ्याकडे न जाता उंबऱ्यावर बसून ग्विझाला दूध पिताना बघायची.

एक दिवस ग्विझाने निम्मा पेला संपवला आणि हाताने ढकलला. "नको," म्हणाली.

आमच्या घरात खायच्या-प्यायच्या गोष्टीला कुणी नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी द्रोसेलाकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते.

दूध जमिनीवर ओतायचं नसतं. उरलेल्यातलं अर्धं द्रोसेला प्यायली, अर्धं मी.