तीन ट्रॅकबॉल आणि डावा तळहात

ईरप्पांचा उजवा हात छत्तीस वर्षे रेषा ओढून थकला, याचे कचेरीत कोणालाच नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यांनी महिनाभराची रजा मागितली याचे.

मंगळवार पेठेतील त्या दुसऱ्या मजल्यावर जुने मोजणी-नकाशे संगणकावर उतरवून घेण्याचे काम चाले. कागल आणि हातकणंगले तालुक्यांतील गावोगावचे, घड्यांवर विरलेले नकाशे तेथे येत. ते पडद्यावर आणायचे आणि प्रत्येक गटाच्या हद्दीवर माऊसने बिंदू टिपत टिपत नवी रेषा उभी करायची. इतर मंडळी बांध जेथे ठळक वळे तेथे एक बिंदू देत आणि पुढे सरत. ईरप्पा मात्र बांधाच्या बारीकसारीक बाकालाही बिंदू देत. तारुण्यात ते ट्रेसिंगच्या कापडावर शाईने नकाशे उतरवीत असत, आणि ज्यांनी ती विद्या दिली त्यांनी बजावले होते की कागदावर केसभर सरकलेली रेषा शेतात हातभर सरकते आणि त्या हातभरावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. त्यामुळे इतरांच्या तिप्पट वेळा ईरप्पांचे बोट माऊसवर दाबले जाई. अखेर मनगटातली शीर दबली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, महिनाभर हात कामापासून दूर ठेवा, नाहीतर पुढे पाण्याचा पेलाही धरवणार नाही.

कचेरीचे मालक विजयसिंह यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवला.

"आण्णा, रजेचं बघूया की. आदी हे बघा." त्यांनी तीन खोकी पुढे केली. "ट्रॅकबॉल म्हनत्यात ह्यास्नी. माऊस जागचा हालत न्हाय, नुसता वरचा गोळा फिरवायचा. मनगटाला आरामच आराम. तिन्ही वापरून बघा आनि मला लिवून द्या. ज्यो चांगला निघंल त्यो सगळ्यांस्नी घिऊ."

'सगळ्यांस्नी' या शब्दापाशी ईरप्पा थांबले. शेजारच्या खुर्चीवरची मोना अलीकडे डबा खाताना मनगट झटकू लागली होती, हे त्यांनी पाहिले होते. तिचे वय तिशीच्या आत. त्यांनी खोकी उचलली.

"आण्णा, परीक्षक झालासा की," मोना म्हणाली. "आता आमाला पेढं न्हाय दिलासा तर ह्या गोळ्यांनी गोट्या खेळीन मी."

"आधी गावाची हद्द नीट ओढ. मग खेळ."

"ओढलिया. तुमच्यागत मुंगी मोजत बसत न्हाय मी."

ईरप्पांनी शाळकरी दोनशे पानी वही घेतली, पहिल्या पानावर 'श्री' घातले आणि प्रत्येक साधनाला आठ-आठ दिवस द्यायचे ठरवले. पहिल्याचा गोळा बाजूला होता, बोराहून थोडा मोठा, आणि तो अंगठ्याने फिरवायचा. हात त्याच्या पाठीवर असा विसावे की पहिले दोन दिवस ईरप्पांना दुखण्याचा विसरच पडला. पत्र लिहिणे, यादी पाहणे, पाने वरखाली करणे यांसाठी ते उत्तम होते. पण नकाशाच्या बारीक बाकावर अंगठा अडखळू लागला. अंगठा हे पकडीचे बोट, रेखाटनाचे नव्हे, असे त्यांनी वहीत लिहिले, आणि चौथ्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी नवी कळ उठली तेव्हा तीही तारखेसह नोंदवली.

दुसऱ्याचा गोळा पहिल्या दोन बोटांखाली येई. बोटे चतुर असतात, बांधाची वळणे ती ओळखत. परंतु टिपण्याचे बटण अंगठ्याकडे गेल्याने पहिले तीन दिवस नको तेथे बिंदू पडले. शिवाय गोळा ज्या तीन इवल्या टेकूंवर फिरतो त्यांवर बोटांचा मळ साचे आणि गोळा मध्येच अडे. रोज सकाळी गोळा काढून फडक्याने टेकू पुसले तरच तो वश राही. तिसरा सर्वांत मोठा, चांगल्या लिंबाएवढा गोळा मध्यभागी असलेला. त्याची बैठक उंच असल्याने मनगट वर मोडे. ईरप्पांनी खाली पंच्याची घडी ठेवली आणि तो दोष घालवला. मग मात्र तो असा फिरला की छत्तीस वर्षांपूर्वीच्या शाईच्या लेखणीची त्यांना आठवण झाली. दुखायचे थांबले नाही. दोन तासांनी शीर पुन्हा पेटेच. दोष साधनाचा नव्हता. हातच संपला होता, त्याला विश्रांतीच हवी होती.

"ह्यो दोन्हीकडनं सारकाच हाय," मोना म्हणाली. "डाव्या हातानं बघा की."

ईरप्पांनी गोळा होता तसाच उजवीकडे ठेवला.

"का वो आण्णा? डावा काय माहेरी गेलाय?"

"तो हात पूजेचा आहे, बाई."

मोनाने हसू आवरले. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

जग ज्या हाताला डावा म्हणून ताटापासून दूर ठेवते, त्याच हातावर ईरप्पांच्या घरातील माणसे देव ठेवतात. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून रोज सकाळी गळ्यातील चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून ते डाव्या तळहातावर घेत. उजव्या हाताने पाणी घालायचे, भस्म लावायचे, बेलाचे पान वाहायचे. आणि मग अर्धी घटका पापणी न लववता त्याच्याकडे पाहत राहायचे. तळहात हेच देऊळ, आणि देऊळ हलता कामा नये. म्हणून ईरप्पा डाव्या हाताने कधी जड पिशवी उचलत नसत, नळ आवळत नसत. इतरांना तो विक्षिप्तपणा वाटे. त्यांना मात्र ठाऊक होते की अंगात एवढी एकच जागा त्यांनी संसाराला दिलेली नाही.

वही पूर्ण करताना त्यांच्या मनाने हट्ट धरला. तिसरे साधन दोन्ही हातांना चालते असे खोक्यावर छापले होते. ते स्वतः न पारखता लिहिणे किंवा मुळीच न लिहिणे, दोन्ही त्यांना असत्यासमान वाटले. अपुरी तुलना ही लबाडीच, असे मनाशी म्हणून त्यांनी एका दुपारी पंधरा मिनिटे डाव्या हाताने गोळा फिरवला. ताज्या, न वापरलेल्या बोटांनी हद्द सरळ ओढली. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'डाव्या हातानेही समाधानकारक चालते.'

घरी त्यांनी हे पत्नीला, शांतादेवींना, सांगितले. त्या ताक घुसळत होत्या, थांबल्या.

"लिवलासा ते?"

"खरे होते ते लिहिले."

"खरं लिवायला कुनी सांगितलं हुतं? इचारलं तेवडं सांगायचं. साकु, म्हनायचं आनि गप बसायचं." शांतादेवींचे माहेर सीमेपलीकडचे, कानडी मुलखातले; राग आला की त्यांच्या तोंडी 'पुरे'च्या जागी 'साकु' येई. "एक हात गेलाय. दुसरा बी दावून आलासा."

"मालक वाचतील आणि समजून घेतील. इतकी वर्षे ओळखतात."

"व्हय. वळखत्यात म्हनूनच भ्या वाटतंय."

विजयसिंहांनी वहीची बावीस पाने अंगठ्याने फरफर उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवले. त्यांचा स्वर प्रेमळ होता, आणि तीच गोष्ट ईरप्पांच्या पुढे फार दिवस लक्षात राहिली.

"आण्णा, झाक काम केलासा. ह्यो मोठा गोळा तुमालाच ठिवा."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचं हात धड हायत की. ज्येचं दुखतंय त्येला औषिद." त्यांनी काचेखालचा रजेचा अर्ज काढून परत दिला. "आनि ह्येची आता गरज न्हाय. तुमीच लिवलंय, डाव्या हातानं झाक चालतंय. कागलचं नकाशे चार म्हयन्यात द्यायचेत. तुमच्यावाचून कोन करनार त्ये?"

"डावा हात पूजेचा आहे, साहेब."

"मग पूजा करा की. आमी कुटं नगं म्हनतोय? सकाळी देवाचं, दिवसा आमचं."

ईरप्पांनी अर्ज खिशात घातला. आपण लिहिलेले वाक्य खोटे आहे असे म्हणता येत नव्हते, कारण ते खरे होते. राजीनामा द्यावा तर अठ्ठावन्नाव्या वर्षी नकाशाशिवाय दुसरी विद्या हाती नव्हती. आणि मनाच्या तळाशी, कबूल करायला लाज वाटावी असा, थोडा अभिमानही होता: आपल्यावाचून कोण करणार.

सोमवारी त्यांनी तो मोठा गोळा डाव्या बाजूला ठेवला, बटणांची अदलाबदल करून घेतली, गोळ्याला नमस्कार केला आणि कागलची हद्द ओढायला घेतली.

पहिला महिना काम असे चालले की विजयसिंहांनी आणखी दोन गावांचे नकाशे त्यांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या महिन्यात डावे मनगट सकाळी आखडू लागले; उजव्याला गटांचे आकडे टंकावे लागत, म्हणून तोही बरा झाला नव्हता. ईरप्पांनी तीळतेल लावले, गरम पाण्यात हात धरला. बिंदू कमी करावेत, इतरांसारखे ठळक वळणापुरते द्यावेत, असे मोनाने सुचवले. त्यांनी ते मानले नाही. चौथ्या महिन्याच्या अखेरीस कागल संपले. त्यानंतरच्या गुरुवारी, पूजेत पाणी घालून झाल्यावर, तळहात एकदम थरथरला आणि लिंग बोटांच्या कडेवरून घरंगळले. ईरप्पांनी बधिर उजव्या हाताने ते छातीशी दाबून धरले. ते जमिनीवर पडले नाही एवढेच. शांतादेवी समोर आपल्या तळहातावर आपली पूजा करीत बसल्या होत्या. त्यांच्या ते ध्यानात आले, पण आपल्या लिंगावरची दृष्टी त्यांनी हलवली नाही. पूजा संपल्यावर मात्र म्हणाल्या, "पाटावर ठिवून करा उद्यापास्नं. देव कुटं जात न्हाय."

"देव जात नाही. जागा गेली," ईरप्पा म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी पुन्हा रजेचा अर्ज दिला. या वेळी लिहिले की दोन्ही हात निकामी झाले आहेत. विजयसिंहांनी वाचून खरोखर हळहळ व्यक्त केली, चहा मागवला, आणि तिसऱ्या दिवशी एक नवे खोके आणून त्यांच्या टेबलाखाली ठेवले.

"आण्णा, पायानं चालवायचा माऊस आलाय. एका पायाखाली सरकता पाटा, दुसऱ्या पायाखाली बटनं. हातास्नी पूर्न सुट्टी. वापरून बघा आनि लिवून द्या. तुमचं लिवनं म्हंजे काळ्या दगडावरची रेघ."

खंडेनवमीला ज्या साधनांना गंध लावायचे, फूल वाहायचे, त्यांना रोज पायाखाली घ्यायचे. ईरप्पांनी हे मालकांना सांगितले नाही. मालक हसले असते. त्यांनी चपला काढल्या, पाय धुऊन आले आणि आठ दिवस ते साधन पारखले. पहिल्या दिवशी बाण पडद्यावर दारुड्यासारखा भेलकांडला. तिसऱ्या दिवशी तो ताब्यात आला. सहाव्या दिवशी डाव्या पायाच्या चवड्याने त्यांनी एका ओढ्याकाठचा गट असा उतरवला की मोना खुर्ची फिरवून पाहत राहिली.

"आण्णा, पायानं बी आमच्याहून झाक वडलासा की."

आठव्या दिवशी त्यांनी वही उघडली. उजव्या हातात लेखणी बांधल्यासारखी धरून, एकेक अक्षर सावकाश काढत लिहिले: 'हे साधन नकाशाच्या कामास सर्वस्वी निरुपयोगी आहे. आठ दिवसांत एकही हद्द पूर्ण करता आली नाही.' खाली सही केली. आयुष्यात त्यांनी लेखी असे पहिलेच असत्य नोंदवले होते, आणि अक्षर वाकडे असूनही वाचायला अगदी स्पष्ट होते.

मोनाने ते वाचले. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "वड्याकाठचा गट मी माज्या नावावर टाकते. कुनी इचारलं तर मीच वडलाय."

"नको," ईरप्पा म्हणाले. "पुसून टाक."

"एवडा चांगला वडलेला?"

"पूस."

तिने पुसला. विजयसिंहांनी वही वाचली. लिहिलेल्या पानावर शंका घेण्याची त्यांना सवय नव्हती. ईरप्पांचे लिहिणे म्हणजे शेवटचा शब्द. "मग काय विलाजच न्हाय," असे म्हणून त्यांनी दोन महिन्यांच्या रजेवर सही केली.

रजेच्या पाचव्या आठवड्यात बोटांची सूज उतरली. सातव्या आठवड्यात एका सकाळी ईरप्पांनी पाट बाजूला सारला आणि लिंग पुन्हा डाव्या तळहातावर घेतले. शांतादेवींनी आपली पूजा थांबवून पाहिले, तसे त्या कधी करीत नसत. पाणी घातले, भस्म लावले, बेल वाहिला. हात दगडात कोरल्यासारखा निश्चल होता.

"हालत न्हाय आता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही."

आता फक्त पाहायचे उरले होते. ईरप्पांनी दृष्टी वर आणली, लिंगापर्यंत नेली, आणि तेथे ती टिकेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला; वहीतली वाकड्या अक्षरांची ती ओळ मध्ये आली. पन्नास वर्षे ज्याच्याकडे पापणी न लववता पाहिले होते, त्याच्या समोर त्यांची मान खाली गेली. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि उरलेली पूजा तशीच, मिटल्या डोळ्यांनी, पूर्ण केली.