फक्त लाल

कप्तानाने चौकट खिळ्याला अडकवली आणि दोन पावलं मागे सरून बायकोला विचारलं,

“कसा आलाय?”

तिने फोटोकडे पाहिलं आणि तिची नजर मागच्या डेकवर अडकली.

“छान आलाय,” ती म्हणाली. “डावी बाजू जरा वर घ्या.”

फोटो त्याच्याच फेरीबोटीवर काढलेला होता. कठड्याला टांगलेलं लाल जीवरक्षक कडं पुढे, इतकं रेखीव की दोरीचा पीळन्‌पीळ दिसावा. मागचा डेक, उतारू, पाणी सगळं धूसर. शिवाय कड्याचा लाल सोडून बाकी सगळं कृष्णधवल. म्हणजे कप्तानाच्या मते सगळं. उतारूंचे कपडे, निळी ताडपत्री, कोणाची तरी पिवळी पिशवी, एकेका गोष्टीवरचा रंग त्याने संगणकासमोर मान मोडून बसून पुसला होता, आणि बायकोलासुद्धा आजपर्यंत काही दाखवलं नव्हतं. त्या सगळ्यातून डेकवरची बाकं तेवढी सुटली होती. पुसट असली तरी ती हिरवी होती, चांगली डोळ्यात भरण्याइतकी हिरवी. त्याला ती आधीपासूनच राखाडी दिसत असणार. जे राखाडीच आहे ते पुसायचं कशाला?

बंदरातल्या हौशी फोटोवाल्यांचं हे प्रदर्शन होतं, कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. विषय ठरला होता ‘एकच गोष्ट’: एकच रंग ठेवा, नाहीतर एकच वस्तू स्पष्ट ठेवा. तिकीटवाल्याने मांजर काढलं होतं. मिशी झकास, मांजर धुक्यात. इंजिनाच्या मिस्त्रीच्या फोटोत त्याच्या हातातला पाना चकचकीत होता आणि मागे बायको म्हणजे नुसता ढग.

“वहिनी, घरी दाखवलाय फोटो,” मिस्त्री तिला म्हणाला. “तेव्हापासून जेवण पण धूसरच मिळतंय.”

एरवी ती खळखळून हसली असती. आज तिने ओठ ताणले. हा मिस्त्री गेल्या महिन्यात सुकाणूखाली आडवा पडून दोष शोधत होता, आणि दोष तिथे नव्हताच, हे तिला ठाऊक होतं. गाळ काढल्यावर बंदराने वाटेवरचे लाल-हिरवे दिवे हलवले. जुने दिवे कप्तानाला जागेवरून पाठ होते. नवे दिवे लागल्यावर एका संध्याकाळी अंधारून आलं, लाल कुठला नि हिरवा कुठला हे त्याला कळेना, त्याने चुकीची बाजू धरली आणि बोट वाळूवर चढली. उतारू एकमेकांवर कोसळले. शिकवणीहून परतणाऱ्या एका मुलीचा हात मोडला. कप्तानाने सांगितलं, सुकाणू अडकलं. सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

घरी तिने त्याला हात जोडले होते. “संध्याकाळची फेरी सोडा. दिवसाची मागून घ्या.”

“का म्हणून विचारतील. काय सांगू?”

“खरं सांगा.”

“आणि मग करू काय? तिकिटं फाडू?” मग त्याने तिचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. “कोणाला बोलणार नाहीस. माझी शपथ आहे.”

तिने घेतली शपथ. डोळे तपासणीच्या पुस्तकातले रंगीत ठिपक्यांचे आकडेसुद्धा तिनेच त्याच्याकडून घोकून घेतले होते, लग्न नवं असताना. तेव्हा दोघांनाही ती गंमत वाटली होती. आता संध्याकाळी बोटीचा भोंगा वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं.

नव्या बंदर अधिकारी बाई परीक्षक होत्या. त्यांनी भिंतीच्या पलीकडच्या टोकाकडून सुरुवात केली होती आणि प्रत्येक फोटोसमोर त्या थांबत होत्या. अजून वेळ होता. काच तडकली आहे म्हणून चौकट उतरवता आली असती. चहा सांडता आला असता. कानात नुसतं ‘बाकं’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोट पांढरं पडलं.

“तुला बरं नाही का?” कप्तानाने विचारलं.

“गरम होतंय.”

बाई मांजरापाशी हसल्या, पान्यापाशी अधिक हसल्या आणि कप्तानाच्या फोटोसमोर येऊन पुढे वाकल्या.

“सुंदर,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांनी एकेकच गोष्ट ठेवलीय, तुम्ही दोन रंग ठेवलेत. हिरवा का ठेवावासा वाटला?”

कप्तान हसला. ते हसू तसंच धरून त्याने बायकोकडे पाहिलं. दुकानात, लग्नकार्यात, कुठेही असा प्रश्न आला की तो तिच्याकडे पाहायचा आणि ती अलगद उत्तर द्यायची. आताही उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं: मीच म्हटलं होतं, राहू द्या. तिने त्याच्या डोळ्याला डोळा दिला आणि तोंड मिटून घेतलं.

कप्तान फोटोजवळ गेला. त्याने काचेवर बोट टेकवलं. बोट कड्यावरून पाण्यावर गेलं, पाण्यावरून उतारूंवर, आणि बाकांवरून न थांबता पुढे सरकलं.

“इथे... थोडासा,” तो म्हणाला. बोट ताडपत्रीवर होतं.

मिस्त्री हसायचा थांबला.

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या आता फोटोकडे नाही, कप्तानाकडे पाहत होत्या. ती पुढे झाली. त्याचं बोट तिने हातात घेतलं आणि बाकांवर नेऊन ठेवलं.

“ही?” त्याने हळू विचारलं.

“हो.”

“तुला आल्याआल्या दिसलं.”

“हो.”

त्याने बोट सोडवून घेतलं. ती बोलणी खायची वाट पाहत राहिली. त्याने चारचौघांत काहीही म्हटलं असतं तरी ऐकून घ्यायची तिची तयारी होती. तो मात्र तिच्याकडे वळलाच नाही. त्याने खिशातून बोटीची किल्ली काढली आणि बाईंसमोर टेबलावर ठेवली. मग पान्याच्या फोटोपाशी उभ्या माणसाकडे पाहून म्हणाला,

“मिस्त्री, सुकाणू चांगलं होतं.”