करकरणाऱ्या वहाणा

माझी बायको पुतळा गेली त्याला महिनाही झाला नव्हता. सत्त्याण्णव सालचा मार्गशीर्ष होता. इंदापूरच्या बाजारात माझ्या जुन्या वहाणेचा अंगठा तुटला, म्हणून म्हस्कूच्या पालावर गेलो. आमच्या कळस गावच्या निम्म्या लोकांच्या वहाणा तोच करतो. त्यानं तुटकी वहाण बाजूला टाकली आणि गोणपाटाखालून नवी जोडी काढली.

"घ्या, जोतीरामतात्या. वहिनींनी सांगून ठेवली व्हती, मी गावात आलो तवा."

"वरीस सरल्याबिगर नवं घालत न्हाईत, म्हस्कू."

"मग अनवाणी जाताय का कळसला?"

घातल्या. चार पावलं टाकली तर करकर, करकर. तळाच्या दोन पदरांत काहीतरी कोरडं घालून हा आवाज आणतात. आमच्याकडं हौशी पोरं नाहीतर नवरदेव असल्या वहाणा करून घेतात. मी साठीचा माणूस. स्टँडकडं निघालो तर लोक वळून बघायला लागले. चहाच्या गाड्यावर भवानीनगरचा भिमा बसला होता. तो लांबूनच ओरडला, "तात्या, दुसरी ठरली काय? वाजत निघालाय!"

बाकावरचे हसले. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, तशी त्यानं मान खाली घातली. माझी मान आधीच खाली गेली होती.

तसाच माघारी फिरलो.

"आवाज काढून टाक," म्हस्कूला म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

त्यानं आरी उचलली. टाका उसवता उसवता हसला. "वहिनी काय म्हणाल्या, ठाव हाय का? म्हणाल्या, चांगल्या वाजणाऱ्या कर. आमचं माणूस चोरावानी घरात येतं. मला दिसत न्हाय. आलं म्हणून कळू तरी दे."

तो गंमत म्हणून सांगत होता. मला हसता येईना.

साखरेच्या दुखण्यानं पुतळाची नजर गेली होती. शेवटचं वर्ष ती माजघरात बाजेवर पडून होती. पाऊल वाजलं की हाक मारायची, "आलात का? बसा की जरा." रोज तेच बोलणं, तेच दुखणं. मी कंटाळलो होतो. वहाणा पार गोठ्यापाशी काढायचो, भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात जायचो, जेवायचो आणि तसाच बाहेर पडायचो. सुनेला बोटानं गप्प राहा म्हणून खुणवायचो. वाटायचं, हिला काय कळतंय.

"राहू दे, म्हस्कू. नको उसवू."

कळसला उतरलो. पारावरची माणसं बोलायची थांबली. घरापर्यंत अख्खी आळी माझ्या वहाणा ऐकत होती. मी मान वर केली नाही, पण कडेनंही गेलो नाही. दारात वहाणा काढायच्या असतात. त्याही काढल्या नाहीत. तसाच माजघरात गेलो.

सून पिठाच्या हातानं धावत आली. "आबा, वहाणा! देव हायेत तितं!"

बाज अजून तिथंच होती, वरची गादी तेवढी काढलेली. मी काठावर टेकलो.

"आलो गं," म्हणालो.

सुनेनं तोंड फिरवलं. मी गोठ्यापासून अनवाणी यायचो, ते तिनं रोज पाहिलं होतं.