पाच किलोची चार वजनं

थोरल्या मुलाने सगळ्या वॉर्डासमोर माझ्या आकड्यांवर शंका घेतली, तेव्हा आमचे हे डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. पन्नास वर्षं शेजारी काढल्यावर नवऱ्याची झोप खरी की खोटी एवढंही मला कळणार नाही होय? झोप लागली की यांचा खालचा ओठ सुटतो. त्या सकाळी ओठ घट्ट मिटलेला होता. दोन शब्द बोलले असते तर माझी अब्रू राहिली असती. बोलले नाहीत.

भानगड वहीवरून झाली. यांचं हृदय थकलंय. ते नीट ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं, आधी पायांत आणि मग छातीत. पहिल्या खेपेला दवाखान्यात चार दिवस होतो. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आजी, रोज सकाळी काही खायच्या आधी यांचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर दम लागायची वाट बघू नका. तडक इकडे या."

मी शिकले तिसरीपर्यंत. पत्र लिहायचं तर घाम फुटतो. पण वजन हा आमच्या घरचा धंदा. यांनी उभा जन्म वजनकाटे दुरुस्त केले. सगळे यांना काटेवाले म्हणूनच ओळखतात, खरं नाव विचारलं तर शेजारीही डोकं खाजवतील. घराच्या पुढच्या खोलीतच दुरुस्तीची पेढी, तिथे स्क्रू आणि वजनं हातात द्यायला मी असायचे. अक्षरं मला दगा देतील, आकडे नाहीत. माझा आठ तर छापल्यासारखा येतो.

दहा दिवस मी वही लिहिली. बासष्ट. बासष्ट. साडेएकसष्ट. बासष्ट. पायांवर मोज्याचा वळ उठलेला दिसायचा. मी म्हणायचे, "पाय जड वाटताहेत हो." हे म्हणायचे, "काटा काय म्हणतो?"

"बासष्ट."

"मग झालं तर."

अकराव्या दिवशी न्हाणीघरातून खाटेपर्यंतची सहा पावलं यांना चालवेनात. ओठ निळे पडले. दवाखान्यातल्या काट्यावर दोघांनी धरून उभं केलं तर सदुसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा चाळली. "आजी, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"रोज काट्यावर बघून?"

"नाही, भिंतीवर बघून."

तेव्हा थोरला मधे पडला. "डॉक्टर, आईची नजर अधू झालीय. शिकलेलीही नाही फारशी. सातचा दोन वाचला असेल."

"दहा दिवस रोज?" मी विचारलं.

"आई तीनतीनदा वाकून बघतात," सून हळूच म्हणाली. माझी बाजू घेणारी तेवढी एकच निघाली, आणि तीही जिला मी पहिल्या खेपेला दवाखान्याची पायरी चढू दिली नव्हती. रात्री मी बसते म्हणाली होती बिचारी. माझ्या नवऱ्याचं करायला मी अजून धडधाकट आहे, असं सुनावून मी तिला दारातून परत पाठवलं होतं.

आणि हे? डोळे मिटून, ओठ मिटून.

दुपारी घरी आले. हे गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे, "काट्यावर संशय आला तर माणसाला विचारू नका, वजन ठेवा." म्हणून मीही कुणाला विचारलं नाही. पेढीच्या बाकाखालून पाच किलोची चार लोखंडी वजनं ओढत आणली आणि काट्यापाशी फरशीवर बसले. माझ्या गुडघ्यांना बसायला सांगितलं की ते आधी भांडतात, मग बसतात.

रिकामा काटा. सुई बरोबर शून्यावर. मनात म्हटलं, म्हणजे आपलीच नजर गेली. मग एकेक करून चारी वजनं ठेवली. वीस दाखवायला हवे होते. साडेअठरा दाखवले.

वजनं उतरवली, पुन्हा ठेवली. साडेअठरा.

काटा उलटा केला. खालच्या चारी स्क्रूंच्या खाचा ताज्या चकचकीत होत्या. आतली स्प्रिंग आवळलेली, आणि तीही अशी बेतानं की रिकाम्या काट्यावर काही कळू नये, माणूस चढला की मात्र काटा वजन खात जावा. असं सफाईचं काम करणारा हात मी एकच बघितलाय. मी चहा ठेवायला आत गेले की हे पेढीपाशी जायचे. मला वाटायचं, जुन्या सवयीनं अवजारं चाळवतात.

यांनी कधी दुकानदाराच्या काट्यात एका गुंजेचा फरक केला नाही. तसं करा म्हणणाऱ्याला पेढीवरून उठवून लावलेलं मी बघितलंय. आणि मीच लिहीत बसले, बासष्ट, बासष्ट, छापल्यासारखं.

राग आला तसा गेलाही, कारण मला उशा आठवल्या. पहिल्या खेपेला चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "अजून दोन दिवस राहिलात तर बरं. झोपताना किती उशा लागतात?" हे म्हणाले, "एक." मी शेजारीच उभी होते. एक नाही, दोन उशा आणि वर माझ्या शालीची घडी, तेव्हा कुठे यांना श्वास पुरायचा. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हा माझा नेम. मी मूग गिळून उभी राहिले आणि आम्हाला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी नेम मोडला. काट्याचंही सांगितलं आणि उशांचंही. थोरला भिंतीला टेकून ऐकत होता. "आई, चुकलो," म्हणाला.

"तुझं नंतर बघते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. "बरं झालं सांगितलंत. वहीत वजन वाढलेलं नसताना एका रात्रीत पाच किलो कसं चढलं, तेच कळत नव्हतं. मी नसत्या दिशेला शोधत बसले असते." मग मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. "आजी, मागच्या वेळी यांचं हृदय जेवढं काम करत होतं, तेवढंही आता करत नाहीये. घरी जाऊन इतक्या लवकर परत यावं लागलं की थोडं थोडं मागे पडतं. ते भरून येत नाही."

"तेव्हा दोन दिवस जास्त राहिलो असतो तर?"

"असं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी आत आले. यांचे डोळे मिटलेले.

"ओठ सोडा," मी म्हटलं. "खोटं झोपायलासुद्धा येत नाही तुम्हाला."

डोळे उघडले.

"स्प्रिंग किती वेळा आवळलीत?"

"चारदा." दोन श्वास घेतले. "पाचदा."

"कशाला?"

नाकात नळी होती, बोलायला वेळ लागत होता. "तू खाली फरशीवर झोपायचीस. रात्री मी जरा हललो की उठायचीस, खाटेचा पाय धरून. अंधारात तुला वाटायचं मी झोपलोय. चार रात्री बघितलं. म्हटलं, परत इथे यायचं नाही."

"मग सुनेला बसू दे, असं सांगायचं होतंत."

"तू ऐकलं असतंस?"

मी यांच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती. खाली पाय हाताला लागले, फुगून घट्ट झालेले. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. भरून येईल म्हणून मी बघत बसले.

तेवढ्यात सून डबा घेऊन आली. खाटेजवळचं एकुलतं स्टूल मी तिच्याकडे सरकवलं. "बस. आज रात्रीपासून तूच थांबायचंस. मी घरी खाटेवर झोपणार आहे." ती डबा हातात धरून तशीच उभी. "बस म्हटलं ना, पाय काय भाड्याने आणलेत?"

ती बसली. यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. ते मी पुसलं नाही. अंगातलं तेवढं तरी बाहेर पडू दे.

"ऐका," मी म्हटलं. सुनेसमोर, सिस्टरसमोर, शेजारच्या खाटेवरच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्हाला माझे गुडघे दिसले, मला तुमच्या उशा दिसल्या, आणि दोघांनीही तोंड शिवून घेतलं. तेवढी चूक निम्मी-निम्मी. काट्याची मात्र तुमच्या एकट्याची. आता डॉक्टरीणबाई म्हणतील तितके दिवस इथे राहायचं. उशा विचारल्या तर लागतात तेवढ्या सांगायच्या. आणि घरी आलात तर काट्याला हात लावायचा नाही, वजनं ठेवून रोज मी तपासणार. नवरा म्हणून ठेवून घेते तुम्हाला. काटेवाले म्हणून आजपासून बाद."