सातवा नकार

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या एका चिप कंपनीत साहेबालाही नावानंच हाक मारायची पद्धत. त्यामुळे अंतराचे साहेब तिच्यासाठी ऑफिसात "प्रताप" आणि शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात "काका". ती पुण्याहून आली तेव्हा विमानतळावर घ्यायला हेच काका आले होते. आज त्यांचाच कोड काढून टाकायची परवानगी त्यांच्याकडेच मागायची होती.

कोड ऑपरेटिंग सिस्टिमचा. मशीन सुरू होताना मेमरी मिळाली नाही तर काय करायचं, याच्या काकांनी एकोणीस वाटा लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येकीची आवराआवर निराळी. बारा वर्षं सगळे त्या कोडला मान देऊन होते. चालवून मात्र कुणी पाहिला नव्हता, कारण मेमरी कधी कमी पडलीच नव्हती. अंतरानं एक खोडसाळ टेस्ट लिहिली. कोडनं मेमरी मागितली की मुद्दाम "नाही" म्हणायचं. आधी पहिल्या मागणीला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सातव्या नकाराला मशीन आडवं झालं. सावरायला ठेवलेला कोडच परत केलेली मेमरी पुन्हा परत करत होता! मग तिनं सगळ्या वाटांची एकच केली: जे घेतलं असेल ते उलट्या क्रमानं परत करायचं आणि बाहेर पडायचं.

मीटिंगमध्ये काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझी टेस्ट माझ्या कोडवर रन करून दाखव."

सातवा नकार. मशीन ठप्प.

"सॉरी, काका!" भर मीटिंगमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं.

बाकीची अमेरिकन मंडळी बघतच राहिली. काकाही मराठीवर आले. "टेस्ट कधी लिहिलीस?"

"मार्चमध्ये."

"आता ऑक्टोबर आहे. इतके दिवस काय करत होतीस?"

"तुम्ही चिडलात तर काय बोलायचं, त्याची प्रॅक्टिस. रोज ड्राइव्ह करताना."

"किती उत्तरं तयार केलीस?"

"वीसेक तरी असतील."

"माझ्या वाटांपेक्षा एक जास्तच! आणि मी खरंच चिडतो का, ते एकदाही टेस्ट नाही केलंस?"

अंतराला हसावं की रडावं कळेना. काकांनी कीबोर्ड ओढला, आपल्या एकोणीस वाटा स्वतःच्या हातानं पुसल्या, तिचा कोड घातला आणि टेस्ट पुन्हा लावली. सातवा नकार आला, आणि मशीन मुकाट्यानं आवरून बाहेर पडलं.

"छान," काका म्हणाले. "आता तुझी ती वीस उत्तरंही डिलीट कर."